पायाळूची पाठ

आमच्या सूनबाईला, मंदाकिनीला, एक वाईट खोड आहे. विचारल्याशिवाय ती बोलत नाही. लोक म्हणतील, ही काय खोड झाली, असली सून आम्हाला द्या. त्यांना मी सांगते, घेऊन जा. दूध उतू जायला लागलं तर ही समोर उभी राहून बघेल; मी माजघरातून ओरडले, "दूध उतू जातंय का गं?" की म्हणेल, "हो." मागे गाय दावं तोडून टेंभीनाक्यापर्यंत फिरून आली. हिनं तिला जाताना पाहिलं आणि येतानाही पाहिलं. सांगितलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणते, "विचारलं नाहीत." बोलणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. माझ्या सगळ्या जावा बोलणाऱ्या, आणि त्यांचं मी वेळच्या वेळी पाहून घेतलं. पण न बोलणाऱ्या सुनेशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

तिच्या या खोडीपायी माझी पाठ, माझं नाव, सरकारची रजा आणि टोपलीभर बुंदीचे लाडू हे सगळं कसं पणाला लागलं, ते लिहून ठेवते. लग्नानंतर आमच्याकडच्या स्वारीनं मला अक्षरं शिकवली ती गहूतांदळाची यादी करण्यापुरती, तेव्हा चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यानं बोलून दाखवू नये. शेजारच्या कलावतीबाईंना वाचता येत नाही, एवढ्याच भरवशावर लिहिते आहे.

तर मी पायाळू आहे. सगळी माणसं या जगात डोक्यावर येतात, मी पायांवर आले. पहिल्यापासून माझं असंच. पायाळूच्या पायाला गुण असतो. कोणाच्या पाठीत उसण भरली, चमक धरली, की पायाळूची लाथ घ्यावी आणि मोकळं व्हावं, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. ठाण्यात टेंभीनाक्यापासून माजिवड्यापर्यंत माझ्या पायाचं नाव आहे. लाथ म्हणायची, पण खरं तर पाय नुसता टेकवायचा असतो. दुखणाईत माणसानं आमच्या उंबऱ्यात चौकट धरून उभं राहायचं, मी डावा पाय कमरेला लावायचा, त्यानं देवापुढे नारळ ठेवायचा आणि सरळ चालत जायचं. माणूस वडीलधारं असलं तर लाथेमागोमाग वाकून नमस्कार करायचा, म्हणजे पाप फिटतं. माझ्या सासूबाईंची पाठ वरचेवर धरायची. त्यांना मी पुष्कळ लाथा मारल्या. नमस्कार एकदाही चुकवला नाही.

आता रतनबाईंचं. दाण्याच्या व्यापाऱ्याचं कुटुंब, खात्यापित्या घरची बाई. उंबऱ्यात उभ्या राहिल्या तर दिवसा घरात अंधार झाला. मी पाय टेकवला. त्या म्हणाल्या, "वहिनी, लागलाच नाही." पुन्हा टेकवला. "अजून नाही." म्हटलं, बाई, तुम्हाला लागेल असाच देते. मी चांगला मागे नेऊन पाय हाणला. रतनबाई "अगं आई गं!" करून अंगणात उतरल्या आणि वासरासारख्या तुरुतुरु चालायला लागल्या. माझा पाय खाली आला, पाठ मात्र वर आली नाही. आत काहीतरी कटकन वाजलं आणि मी आंब्याच्या फांदीसारखी वाकले ती तशीच राहिले.

रतनबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, मी त्यांना नमस्कार करते आहे. "अहो वहिनी, काय हे! मी धाकटी तुमच्याहून!" म्हणून लाजून लाल झाल्या. मी काय बोलणार? उठता येत असतं तर गोष्ट वेगळी. रतनबाईंना मी वाकून नमस्कार केला, ही बातमी माझ्या आधी नाक्यावर पोचली. मंदाकिनी खांबाशी उभी राहून सगळं बघत होती. तिला सगळं समजलं होतं. बोलली नाही.

रतनबाईंनी माझ्या लाथेची जी वाखाणणी केली, तीच मला भोवली. कोर्टातल्या नव्या मुन्सफांच्या मातोश्रींची कंबर धरलेली होती. कलावतीबाई हसत हसत निरोप घेऊन आल्या, "वहिनी, अमावास्येला त्या स्वतः येणार हो तुमच्याकडे. अमावास्येला काढलेली उसण परत भरत नाही म्हणतात ना! आणि तुम्हाला जमणारं नसलं, तर आमची उत्तरा आहेच माजिवड्याला."

उत्तरा ही त्यांची भाची. तीही पायाळू. तिच्या पायाला गुण आहे असं कलावतीबाई म्हणतात, दुसरं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. पायाळूचीच पाठ धरली आणि तिला ती सोडवता येत नाही, एवढं कलावतीबाईंना कळायचा अवकाश, मुन्सफांची गाडी माजिवड्याला वळली असती आणि माझ्या उंबऱ्यात पुन्हा कोणी उभं राहिलं नसतं. म्हणून मी म्हटलं, "न जमायला काय झालं? येऊ देत." हे मी जात्याशी बसून म्हटलं. त्या दिवसांत मी सदा जात्याशी. दळणारी बाई वाकलेलीच असते, तिला कोणी कारण विचारत नाही. कोणाची चाहूल लागली की मी मूठभर दाणे घालून घरघर सुरू करी. मंदाकिनी पीठ भरत होती. पिंप भरलं, डबे भरले, शेवटी देवघराच्या फडताळातल्या समया काढून तिथे पीठ ठेवलं.

आमच्याकडची स्वारी कलेक्टरकचेरीत कारकून आहे. सरळ माणूस, त्यामुळे घरात काडीचा उपयोग नाही. मला पाहून इकडून म्हणणं झालं, "अगं, उत्तराला बोलावू या, एक लाथ मारून जाईल." मी म्हटलं, कलावतीबाईंच्या भाचीची लाथ खाण्यापेक्षा मी जन्मभर जमिनीकडे बघत राहीन. जमीन मला आवडते. यावर, सिव्हिल सर्जन साहेबाला पाठ दाखवावी, असं सुचवणं झालं. साहेबाला पाठ दाखवायची! मी नुसतं वर पाहायचा प्रयत्न केला. तेवढ्यानं विषय मिटला.

मग मी युक्ती काढली. पनवेलला माझी बहीण नंदा असते. शेजारणींना म्हटलं, नंदाची पाठ धरली आहे हो, काय करावं? सल्ला सांगायला मिळाला की माणसाला जो आनंद होतो, तो श्रीखंडानंही होत नाही. एकीनं सांगितलं, तापलेल्या विटेचा शेक. दुसरी म्हणाली, निर्गुडीचा पाला. समोरचे भाऊ पेन्शनर, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते ओट्यावरून म्हणाले, बाईंनी थंड पाण्यात बसावं, विलायतेत बसतात. कलावतीबाईंनी बिब्बा सांगितला. मी सगळं केलं, पाण्यात बसणं सोडून. मंदाकिनीनं वीट तापवली, पाला बांधला, बिब्बा लावला. बिब्बा उतला आणि पाठीवर पुऱ्यांसारखे फोड आले. तेव्हा ती एकदा म्हणाली, "सासूबाई, मी एक..." मी म्हटलं, "तू आधी खोबरेल आण." ती खोबरेल घेऊन आली आणि गप्प बसली.

रोज सकाळी कलावतीबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "नंदाताईंची पाठ कशी आहे?" मी जातं ओढत सांगायची, "तिला फोड आलेत हो." शेवटी त्यांनीच सांगितलं, "मग ठाकुर्लीच्या धाकू हाडवैदाकडे न्या त्यांना. माझ्या भावाचा बैल गाडीसकट खड्ड्यात पडलेला, तो धाकूनं एका हिसक्यात उभा केला."

बैलाचं नाव निघालं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण अमावास्या जवळ आली होती.

ठाकुर्लीला जायचं तर इकडून रजा काढणं आलं. आजाराची रजा मागावी तर दाखला हवा, म्हणजे पुन्हा तो साहेब आणि पुन्हा माझी पाठ. मयताची मागावी तर मारायचं कोणाला? माझ्या जावांचा विचार मनात येऊन गेला, नाही असं नाही. राहता राहिलं लग्न. कल्याणला नात्यात लग्न आहे असं सांगून इकडून रजा घेणं झालं. सरकारशी खोटं बोलायची ही पहिलीच खेप. दोन्ही वेळा जेवण गेलं नाही. वर कचेरीतल्या मंडळींनी बजावलं, लाडू आणल्याशिवाय कचेरीत पाय ठेवायचा नाही.

ठाण्याच्या स्टेशनावर मी वाकून उभी. एका बाईनं विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, कुंकवाची डबी. झालं! ती वाकली, तिची लेक वाकली, तिकीट बघणारा शिपाई कंदिलाच्या काठीनं बाकाखाली ढोसू लागला. गाडी येईपर्यंत सगळं फलाट माझ्यासारखंच दिसायला लागलं. मला जरा बरं वाटलं. गंमत म्हणजे एकाला डबी सापडली. चांगली पितळेची होती. मी घेतली, नाही म्हणणार कशी?

कल्याणला उतरून बैलगाडीनं ठाकुर्ली गाठली. धाकू हाडवैद अंगणात बैलाच्या खुराला तेल चोळत बसला होता. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. मी विचारलं, माणसांचं करता की जनावरांचंच?

"बाय, बैल काय नि मानूस काय," तो म्हणाला, "देवानं कना येकाच सुतलीत ववलाय. माज्या हातचा बैल परत धरलेला नाय."

मी म्हटलं, धरला असला तरी बैल सांगायला येणार नाही.

आता परक्या पुरुषानं माझ्या पाठीला हात लावायचा नाही, हे मी घरून निघतानाच ठरवलेलं. तेव्हा असं ठरलं, की धाकूनं बाहेर रस्त्याकडे तोंड करून बसायचं, तिथून ओरडून सांगायचं आणि आत त्याच्या बायकोनं, रखमाबाईनं, तसं करायचं. स्वारी मध्ये दारात, दोघांकडे पाठ करून. रखमाबाई हाडापेरानं मजबूत. तिनं मला घोंगडीवर उताणी निजवली.

"कंची बाजू धरलीय?" बाहेरून धाकू.

"विहिरीकडची," मी सांगितलं. उजवीकडे खिडकीतून त्यांची विहीर दिसत होती.

"मंग विहिरीकडचा पाय धर गो, नि मी सांगीन तवा वड!"

रखमाबाईनं पाय धरला. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की सूर्य डाव्या हाताला आहे. सकाळची वेळ. म्हणजे माझे पाय दक्षिणेला! दक्षिणेला पाय मेलेल्या माणसाचे करतात. मी म्हटलं, "थांब गं बाई! मी जिवंतपणी दक्षिणेकडे पाय करून निजणार नाही." रखमाबाई भली, तिनं मला घोंगडीसकट गर्रकन फिरवलं. पाय उत्तरेला गेले, जिवाला बरं वाटलं. पण मी फिरले, विहीर काही फिरली नाही. ती होती तिथेच राहिली, म्हणजे आता माझ्या डाव्या हाताला आली. आणि बाहेर धाकूला यातलं काहीच ठाऊक नाही.

"धरलास का विहिरीकडचा?"

"धरला!" म्हणाली रखमाबाई. नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई.

"वऽऽड!"

तिनं ओढला. तो नीट असलेला डावा पाय होता. त्यानंतर मी जे ओरडले, त्यानं अंगणातला बैल दावं तोडून ठाकुर्लीच्या वेशीपर्यंत गेला. धाकू म्हणाला, "बघा! बैल बी पळाला, बाय बी उटली!"

उठले हे खरं. आले तेव्हा पुढे वाकलेली होते, आता पुढून अगदी सरळ झाले. फक्त डावीकडे कलले, वाऱ्यानं कललेल्या केळीसारखी. स्वारीनं मला पुढून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं. आणि मग, माणसाचं हाड मोडलेलं असता, परक्यांच्या अंगणात, इकडून हसणं झालं. ते मी लक्षात ठेवलेलं आहे. त्याचा हिशेब वेगळा.

कल्याणच्या बाजारातून लाडूंची टोपली घेऊन आम्ही घरी आलो. कलावतीबाई दारातच. लाडू द्यावा लागला.

"लग्न कोणाचं हो?"

"नंदाच्या पुतणीचं."

"अगंबाई! त्यांची पाठ धरलेली असताना?"

"बसून लावलं," मी म्हटलं.

"आणि तुम्ही अशा कलून का उभ्या?"

"कलले कुठे? रेलले आहे." आणि खांब शेजारी होता म्हणून बरं, मी त्याला टेकले. जन्मात कोणाच्या देखत मी खांबाला रेलले नव्हते. आता जात्याशी बसायचीही सोय राहिली नाही. दळताना कोणी डावीकडे कलत नाही. घरात जितके खांब, तितक्याच माझ्या उभं राहायच्या जागा.

अमावास्या उजाडली. दुपारी मुन्सफांची गाडी दाराशी थांबली. मातोश्री उतरल्या, गोऱ्यापान, चेहरा करारी, कमरेवर हात. बरोबर कलावतीबाई, रतनबाई आणि नमस्काराची गोष्ट ऐकून आलेल्या आणखी बायका. समोरच्या ओट्यावर भाऊही येऊन बसले. सगळ्या ओसरीवर टेकल्या. मी स्वयंपाकघरात खांब धरून उभी. डावा पाय उचलून पाहिला. वीतभर उचलला नाही तो डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर कलावतीबाईंचा आवाज, "वहिनींना जमत नसेल तर माजिवडा काही लांब नाही. गाडी जुंपलेलीच आहे."

मंदाकिनी चुलीशी उभी. मी तिला दबक्या आवाजात म्हटलं, "जा, सांग त्यांना, सासूबाईंना ताप आलाय."

ती हलली नाही. माझ्या पायाकडे बघत राहिली.

"बघतेस काय अशी? तोंडात काय आहे ते बोल एकदा!"

तेव्हा ती बोलली. "सासूबाई, मीपण पायाळू आहे."

मी खांब घट्ट धरला. एका क्षणात मला सगळं उमगलं. ढग गडगडले की ही परसात पाऊल टाकत नाही, पायाळूवर वीज पडते म्हणून. आणि मी तिला भित्री म्हणत होते. घरात काही हरवलं की हिलाच सापडतं, पायाळूला लपलेलं दिसतं म्हणून. आणि माझी नथ तिनं कोनाड्यातून काढून दिली, तेव्हा ती तिनंच ठेवली असेल असं मी म्हटलं होतं. हिला बघायला गेले तेव्हा मी पत्रिका पाहिली, चालवून पाहिलं, दात पाहिले, पुरणपोळी लाटायला लावली. आधी डोकं आलं की पाय, हे विचारायचं राहिलं. मी! मी विचारलं नाही.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"आई म्हणाली होती, सासरी एक पायाळू आहे, दुसरीनं मिरवू नये."

"मिरवू नकोस. पण मी इथे बिब्ब्यानं भाजून निघाले, ठाकुर्लीला बैल झाले..."

"मी सांगायला आले होते," मंदाकिनी खाली मान घालून म्हणाली. "पण कसं विचारायचं ते सुचेना. सासूबाई, तुम्हाला लाथ मारू का? असं म्हणायचं?"

मी विचार केला. दुसऱ्या कुठल्याही शब्दांत ते बसत नव्हतं.

बाहेर कलावतीबाई म्हणाल्या, "चला तर मग, मातोश्री?"

मी स्वयंपाकघराची चौकट दोन्ही हातांनी धरली, मागीलदाराकडे तोंड केलं आणि म्हटलं, "नमस्कार आधी कर. मागाहून विसरशील."

तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. उठली. पदर खोचला. मी वाट पाहत होते, की कमरेला हळूच पाय टेकेल. इतकी मवाळ मुलगी, टेकवतानाही तिचा पाय थरथरेल असं मला वाटलं होतं.

कोणीतरी मुसळ घातलं असं वाटलं. चौकट हातातून सुटली, मी परसात, तुळशीवृंदावनाला कवटाळून. पाठीत असा काही कडाका वाजला, की ओसरीवरची बोलणी थांबली.

"काय झालं हो?" मातोश्रींनी विचारलं.

आतून पहिल्यांदाच, कोणी तिला विचारलेलं नसताना, मंदाकिनीचा खणखणीत आवाज गेला, "काही नाही! सासूबाईंनी नारळ फोडला!"

मी तुळशीपासून बाजूला झाले. पुढे वाकले नाही. डावीकडे कलले नाही. आभाळ पुष्कळ दिवसांनी दिसलं. डावा पाय उचलला. तो लग्नाच्या वयातल्यासारखा उचलला गेला. मी पदर सावरला, ओसरीवर गेले, खांबाकडे ढुंकून पाहिलं नाही. कलावतीबाईंनी मला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि त्यांचं तोंड आंबट झालं. मातोश्री उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मी पाय टेकवला, नुसता टेकवला, आणि वाकून नमस्कार केला. वाकले, आणि पुन्हा उठले. त्या उठण्याची किंमत त्या बायकांना काय कळणार!

मातोश्री ओसरीवर चालून बघत म्हणाल्या, "मोकळं वाटतंय हो. आणि पाय काय हलका तुमचा! लागलाच नाही."

"आमच्या घराण्याचे पाय हलकेच," मी म्हटलं. आत चुलीशी भांडं पडलं.

गाडी गेली, बायका लाडू खाऊन गेल्या, कलावतीबाई नंदाची चौकशी न करता गेल्या. दिवेलागणीला मी मंदाकिनीला समोर बसवलं. ती नेहमीसारखी खाली मान घालून बसली. स्वारी झोपाळ्यावर, हसू येत होतं, पण दाबणं चाललं होतं.

मी म्हटलं, "मंदाकिनी, लाथ मारलीस त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नमस्कार केलास, ते फिटलं. पण मीही जन्मभर लाथा मारल्या आहेत. औषधाला किती जोर लागतो हे मला कळतं. आज त्याहून जास्तीचा जो जोर होता ना, त्यात माझ्या नथेचा होता, भित्री म्हटल्याचा होता, आमटीला नावं ठेवली त्याचाही होता. तेव्हा यापुढे माझं जे काही लागेल, ते तिथल्या तिथे तोंडानं सांगत जा. पायापर्यंत साठवून ठेवू नकोस."